कांद्याच्या ढिगावरची लक्ष्मी

रोज सकाळी साडेसहाला आमच्या माहेरच्या ग्रुपवर देव येतो. पाठवतो माझा आतेभाऊ, आणि वार कधी चुकवत नाही. सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त. पूर्वी तो कुठून तरी आलेले देव पुढे ढकलायचा. आता म्हणे यंत्राला नुसतं सांगायचं, ते काढून देतं. परवाच्या शनिवारी आलेल्या मारुतीच्या उजव्या हाताला सहा बोटं होती आणि शेपूट थेट खांद्यातून निघालं होतं. मी खाली लिहिलं, "अरे, बोटं मोज." तोवर सगळ्या नातलगांचे हात जोडून झाले होते. कुणी तरी मलाच सुनावलं, "ताई, भाव बघा." भाव बघा म्हणे! आमच्या नानांनी उभ्या जन्मात असा मारुती दुकानाबाहेर जाऊ दिला नसता. भाव असायचा तो असायचाच, पण बोटं आधी मोजलेली असायची.

नाना म्हणजे माझे वडील. पंचवटीत नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात खाली त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि वर दोन खोल्यांत आई, नाना आणि मी. सकाळी जाग यायची ती घाटावरच्या लाउडस्पीकरने. "जळगावहून आलेल्या सुमनबाई, जिथं असाल तिथून चौकीजवळ या, तुमचे यजमान रडत आहेत," असलं काही तरी ऐकत मी दात घासायची. मग खालून फोटो कापायच्या कटरचा खटका सुरू व्हायचा, आणि तो चुकला की नानांचं "हात्तिच्या!" फोटो धुवायच्या औषधाचा आंबट वास जिना चढून वर यायचा आणि आईच्या फोडणीचा वास जिना उतरून खाली जायचा. दोघांची गाठ मधल्या वळणावर पडायची. आमच्याकडे येणारे पाहुणे तिथे पोचले की नाकाला रुमाल लावायचे आणि वर येऊन "वा, काय छान वास सुटलाय" असं म्हणायचे.

नानांचं खरं काम म्हणजे जोडकाम. स्नान करून आलेली माणसं ओल्या केसांनीच दुकानात शिरत. कुणाला रामाच्या दरबारात उभं राहायचं असे, कुणाला नातवाचा बाळकृष्ण करून हवा असे, कुणी वारलेल्या वडलांचा ओळखपत्रावरचा फोटो आणून त्यांना विष्णूच्या पायाशी बसवून मागे. वडील हयातभर कुणाच्या पायाशी बसले नव्हते, पण आता त्यांना विचारायची सोय नसे. नाना एकेका फोटोतला माणूस ब्लेडने कापून काढत, कागदाच्या कडा पॉलिश पेपरने घासून पातळ करत, पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवत, जोडांवरून ब्रश फिरवत आणि मग त्या सगळ्या गोतावळ्याचा पुन्हा एक फोटो काढत. जोड दिसला तर ते जेवत नसत. आई म्हणे, "देवाला नाही दिसत, तुम्हाला बरा दिसतो."

देवही असेच जोडलेले. मारुतीची छाती तालमीतल्या एका पैलवानाची, शंकराची बैठक एका निवृत्त पोस्टमनची, आणि झाडून सगळ्या देवींचे हात आमच्या आईचे. तिच्या उजव्या अंगठ्याला तव्याचा चटका बसलेला होता, तो नानांनी कधी पुसला नाही. नाशकातल्या कितीतरी देवघरांत तो भाजलेला अंगठा अजून आशीर्वाद देत असेल. मात्र चेहऱ्याच्या बाबतीत नानांचा एक नियम होता, देवाचा चेहरा कधीही एकाच माणसाचा घ्यायचा नाही. डोळे एकाचे, नाक दुसऱ्याचं, जिवणी तिसऱ्याची. मी जन्मायच्या आधी त्यांनी एकदा अख्खा राम बोळातल्या शिंप्याच्या तोंडावरून केला होता. त्यानंतर वर्षभर तो शिंपी कुणाचे कपडे वेळेवर देईना, आणि कुणी भांडायला गेलं की क्षमा केल्यासारखा हसे. "माणसाला देव केलं की माणूस कामातून जातो," हे नानांचं त्यावरचं मत. आजूबाजूला बघते तेव्हा मला ते फारच मवाळ वाटतं.

बी.कॉम. होऊन मी घरी होते तेव्हा दुकानात काँप्युटर आला. कॉलेज रोडच्या एका क्लासात जाऊन मीच फोटो कापण्या-जोडण्याचं काम शिकून आले. नानांना ते पटत नव्हतं. "गणपतीचं वाहन हातात धरून देव करायचे?" असं म्हणून ते माउसला बोट लावत नसत. त्यातल्या त्यात एकच गोष्ट त्यांना आवडली होती. पडद्यावर उजळपणाची एक पट्टी होती, ती उजवीकडे ओढली की माणूस गोरा होई. जे करायला त्यांना निगेटिव्हवर पेन्सिल चालवत दोन दुपारी लागत, ते पापणी लवायच्या आत. "अरे वा!" नाना म्हणाले आणि माझ्याकडे बघून एकदम गप्प झाले. कारण मी काळी. सावळी, निमगोरी वगैरे शब्द आई वापरायची. मी काळी आहे आणि होते. आता फोन न विचारताच सगळ्यांना गोरं करतो. नानांना निदान अपराधी तरी वाटायचं.

त्या श्रावणात मला बघायला एकलहऱ्याची मंडळी आली. मुलगा तिथल्या कोळशावरच्या वीज केंद्रात नोकरीला, आईवडील सोबत. ज्या घराचा भात कोळशाच्या जिवावर शिजतो तिथे माझ्या रंगाचं कुणी मनावर घेणार नाही, अशी माझी एक भाबडी समजूत होती. आईने पोहे केले, कांदा न घालता, कारण चातुर्मास. आणि नानांनी काय करावं? खालचे स्टुडिओतले दोन मोठे दिवे वर आणून पडद्यामागे उभे केले. मी बसायची खुर्ची बरोबर त्यांच्या झोतात. "प्रकाश सारखा पडला की रंग खुलतो," ते आईला कुजबुजले. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बसले तेव्हा मला समोरचं काही दिसत नव्हतं. घाम कपाळावरून पावडर घेऊन खाली येत होता. आणि त्या दोन दिव्यांच्या ओझ्याने घरातला फ्यूज उडाला. फट्! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खिडकीतून श्रावणातला साधा उजेड आत आला आणि त्यात मी होते तशी दिसले.

मुलाच्या आईने पर्समधून एक फोटो काढला. आमच्या शोकेसमधलाच, पण तो कुणाकडे गेलाय हे मला माहीत नव्हतं. त्यात साडी माझी होती, कानातलं माझं होतं आणि कातडी कुणा भलत्याच मुलीची. नानांनी निगेटिव्हवर पेन्सिल चालवून मला दुधात बुडवून काढलं होतं. बाईंनी तो फोटो माझ्या गालाशेजारी धरला, साडीवर ब्लाउजचं कापड धरून बघतात तसा, आणि आईला विचारलं, "ही फोटोतलीची थोरली बहीण का?" आई म्हणाली, "नाही हो, एकच आहे आम्हाला." बाईंनी बिचाऱ्यांनी पोहे मात्र सगळे खाल्ले. जिन्यावरून उतरताना त्यांचा आवाज वर आला, "मुलगी वाईट नाही हो, पण आपण फोटोतली बघून आलो होतो ना?"

त्या संध्याकाळी मी रडले नाही. मी खाली जाऊन शोकेसमध्ये लावलेला तोच फोटो, मोठा करून लावलेला, काढला आणि नानांच्या पुढ्यात आपटला. "हे कोण आहे?" मी म्हटलं, "लोकांचं सोडा. नाना, मी तुम्हाला पसंत नाही का?" ते चष्मा पुसत राहिले. "व्यवहार असतो गं," एवढंच म्हणाले. ते वाक्य मला बाईंच्या वाक्यापेक्षा जास्त लागलं. बाई परक्या होत्या. यांनी मला जन्मापासून बघितलं होतं, आणि तरी दुरुस्त करून पाठवलं होतं. त्यानंतर कित्येक दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते.

गणपती उठले आणि लासलगावचे भाऊशेठ आले. भाऊशेठ म्हणजे कांद्याचे मोठे आडते, पांढरी टोपी, पांढरे कपडे, आणि येताना न चुकता कांद्याची एक गोणी. आमच्याकडे चातुर्मासात कांदा वर्ज्य आहे हे त्यांना दरवर्षी सांगायचं आणि दरवर्षी त्यांनी "बरं बरं" म्हणून गोणी जिन्याखाली ठेवायची. कार्तिकी एकादशीपर्यंत त्या गोणीला मोड यायचे आणि नानांना मधूनच घाटावर महत्त्वाचं काम निघायचं. ते परत आले की त्यांच्या तोंडाला भज्यांचा वास यायचा. भाऊशेठना दिवाळीसाठी कॅलेंडर हवं होतं. "नाना, लक्ष्मी पायजे. पण कमळात नको. कमळ कोन पिकवतंय आपल्याकडं? कांद्याच्या ढिगावर उभी करा." आई वरून जिन्यात आली होती, तिने "राम राम राम" म्हणून कानाला हात लावला. चातुर्मासात कांदा, आणि त्यावर देवी! "आन् चेहरा असा पायजे," भाऊशेठ म्हणाले, "का मानूस भिंतीपाशी थांबला पायजे."

नानांनी चेहरा शोधायला आकाशपाताळ एक केलं. बँकेतल्या बाईंचे डोळे, शाळेतल्या एका मास्तरणीचं नाक, फुलवालीची जिवणी. सगळं नियमाप्रमाणे जमवलं आणि लक्ष्मी झाली. दिसायला गोड, आणि कुणाचीच नाही. भाऊशेठ बघून म्हणाले, "आजारी हाय का?" दुसरी केली. "ही उधारी मागायला आल्यासारखी वाटती." तिसरी पाहून ते काही न बोलता चहा प्याले. नाना रस्त्याने चालताना बायकांच्या तोंडाकडे निरखून बघायला लागले. एकीने चप्पल काढायचीच बाकी ठेवली होती, तेव्हा आईने त्यांना घरात बसवलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

एका दुपारी नाना वर झोपले असताना मी माझी ती निगेटिव्ह काढली. पेन्सिल खरवडून साफ केली आणि स्कॅन करून काँप्युटरमध्ये घेतली. मला काही सिद्ध वगैरे करायचं नव्हतं. मला राग आला होता, आणि रागाला हातकाम लागतं. कांद्याचा ढीग, त्यावर मी. मुकुट घातला, आईचे चार हात लावले, चटक्यासकट. डोळे माझे, नाक माझं, जिवणी माझी, आणि रंगही माझाच. पट्टीला हात लावला नाही. पूर्ण झाल्यावर मी मागे सरून बघितलं आणि खरं सांगते, मला ती आवडली. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःचा फोटो बघून मान वळवली नाही.

नाना डोळे चोळत खाली आले आणि पडद्यासमोर उभे राहिले. "एकाच माणसाचा चेहरा आहे," ते म्हणाले. "हो." "नियम आहे आपला." "व्यवहार असतो," मी म्हटलं. ते खुर्चीत बसले. "सुलू, लक्ष्मी काळी कुणी बघितली आहे का?" मी म्हटलं, "आपल्या पंचवटीतला राम कुठल्या रंगाचा आहे? रोज सकाळी जाता ना? पंढरीचा काळा, द्वारकेचा काळा, त्यांच्यासमोर नाकं घासता आणि घरी येऊन मुलीला पेन्सिल लावता." तेवढ्यात आई चहा घेऊन आली होती. तिने पडद्याकडे बघितलं, चहा खाली ठेवला आणि समजुतीने म्हणाली, "अगं, ते पुरुष आहेत. पुरुषांचं चालतं." सगळ्या धर्मशास्त्राचं सार आईने एका कपबशीत आणून दिलं होतं.

मी उठले. "नाना, उद्या हे भाऊशेठना द्यायचंय. गोरं करायचं असेल तर करा. पण पट्टी तुम्ही ओढा, तुमच्या हाताने. ओढलीत तर मी पुन्हा या खुर्चीत बसणार नाही, आणि कुणाला बघायलाही बोलवू नका." वर जाता जाता मी वळून बघितलं. ज्या माउसला ते कधी शिवले नव्हते त्यावर त्यांचा हात होता, सोवळ्यातल्या भांड्यावर ठेवावा तसा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने लासलगावला गेलो. पाकीट नानांच्या मांडीवर, तोंड चिकटवलेलं. वाटेत त्यांचं पाऊस, रस्ता, द्राक्षं या सगळ्यांवर बोलून झालं. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टर ओळीने उभे, लिलावाचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे ओरडत सरकत होता, आणि कांद्याची पापुद्र्यासारखी सालं हवेत उडून सगळ्यांच्या केसांत बसत होती. भाऊशेठनी गाळ्यातच पाकीट फोडलं.

मी होते तशीच होते. एक छटासुद्धा हललेली नव्हती. फक्त नाकात नथ आली होती, छापलेल्या फोटोवर नानांनी बारीक ब्रशने काढलेली, प्रत्येक मोत्यावर उजेडाचा एक ठिपका. मी नानांकडे बघितलं, ते ट्रॅक्टर बघत होते. मी डोळे पुसले. कांद्याच्या आवारात त्याची एक सोय असते, कुणी विचारत नाही.

भाऊशेठ बघतच राहिले. कांदा निवडणारी एक बाई पाटी घेऊन चालली होती, ती थांबली, हात पदराला पुसला आणि फोटोला टेकवून कपाळाला लावला. "ही तं उन्हातानात हिंडेल दिसती माय," ती म्हणाली. भाऊशेठ तिच्याकडे बघून माझ्या वडलांना म्हणाले, "थांबली का नाय? झालं काम. नाना, गोऱ्या लक्ष्म्या समद्यांच्या भिंतीवर हायेत, दुकानाचं नाव कोन वाचतंय? हिला बघून मानूस थांबतो." माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मग त्यांनी चष्मा वर केला, फोटो जवळ धरला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पन एक करा. कांदा लय फिका आलाय. कांदा जरा उजळा." अशी ती पट्टी शेवटी ओढली गेली. नाशिक जिल्ह्यात त्या साली कातडी उजळण्यातून एक बाई सुटली आणि कांदा सापडला.

दिवाळीत कॅलेंडर गावोगाव गेलं. तुळशीचं लग्न झालं, जिन्याखालच्या गोणीला रीतसर मोक्ष मिळाला आणि आई पुन्हा पोह्यांत कांदा घालू लागली. अशाच एका दुपारी मी काउंटरवर होते, नाना मागे फ्रेमला खिळे ठोकत होते, आणि हातात कॅलेंडरची गुंडाळी घेऊन एक बाई आत आल्या. मी त्यांना दारातच ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही. श्रावणातल्या त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे कमी आणि फोटोकडे जास्त बघितलं होतं.

"अहो फोटोवाले," त्यांनी गुंडाळी काउंटरवर उलगडली, "ही देवी कुठली? खाली तुमच्या दुकानाचं नाव आहे म्हणून शोधत आले." लक्ष्मीच्या कपाळावर हळदीकुंकू होतं, पायांवर अक्षता चिकटलेल्या. "फार कडक आहे हो! घरात आल्यापासून ह्यांचं ब्लडप्रेशर खाली आलं. आता एकच राहिलंय, मुलाचं काही जमत नाही. ठाण कुठं ते सांगा. नवस बोलायचाय. सून मिळू दे म्हणावं, गोरीपान, नाकीडोळी नीटस. साडीचोळी करीन देवीला." मला हसू येतंय की रडू तेच कळेना.

नाना हातोडी ठेवून पुढे आले. "देवी स्वयंभू आहे," ते गंभीरपणे म्हणाले.

"अगंबाई! आणि ठाण?"

"इथंच, पंचवटीत."

"दर्शन कधी असतं?"

"दुकान उघडं असेल तेव्हा."

बाईंना काही उमगलं नाही. त्या पदराने वारा घेत मला म्हणाल्या, "पोरी, पाणी दे गं जरा." मी पेला भरून दिला. पेला तोंडाशी नेता नेता त्या थांबल्या. "तुला कुठं तरी बघितलंय मी."

"बघितलंय ना," नाना म्हणाले. "श्रावणात. इथंच, वरच्या खोलीत. तुम्हाला पसंत पडली नव्हती." आणि त्यांनी पुरतं बोलून घेतलं. "चूक माझी होती, फोटो खोटा पाठवला होता. ही माझी मुलगी. ही अशीच आहे. आणि मला पसंत आहे."

बाईंनी कॅलेंडरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कॅलेंडरकडे बघितलं. तोंडावर किती रंग आले आणि गेले, एकही पट्टी न ओढता. मग पेला अर्धाच ठेवून त्या सपाट फरशीवरून जिना उतरल्यासारख्या तोल सावरत निघून गेल्या. कॅलेंडर तिथेच राहिलं. नेणार कसं? भिंतीवर लावायचं तर रोज मला नमस्कार, आणि फेकायचं तर देवीचा फोटो. नानांनी तो त्याच दुपारी फ्रेममध्ये बसवला आणि शोकेसमध्ये, जिथे माझा तो दुधाळ फोटो असायचा, तिथे लावला. आई म्हणाली, "अहो, ते हळदीकुंकू तरी पुसा." नाना म्हणाले, "वाहिलेलं पुसत नाहीत."

माझं लग्न पुढे झालं, फोटो न मागणाऱ्या माणसाशी. नाना गेले, स्टुडिओच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. ती फ्रेम माझ्याकडे आहे. मध्यंतरी माझी मुलगी म्हणाली, "आई, हे स्कॅन करून डाग काढून देऊ का? एका मिनिटाचं काम आहे." मी म्हटलं, राहू दे, हळदीकुंकू आहे ते. एकलहऱ्याच्या त्या घराकडून मला तेवढंच मिळालं, आणि तेही त्यांनी हात जोडून दिलेलं.